पोक्सो खटल्यात मुलाचे न्यायालयाबाहेरचे जबाब : नोंदवायचे कसे, वापरायचे कसे

सहा वर्षांची मुलगी आईला सांगते, "त्या दादानं माझ्या शूच्या जागी बोट घातलं, दुखलं." चार दिवसांनी पोलीस जबाबात तेच वाक्य "आरोपीने माझ्याशी अश्लील चाळे केले" असं उतरतं. पहिल्या वाक्यात पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम ३ मधला प्रवेशी लैंगिक हल्ला आहे. मूल बारा वर्षांखालचं असल्यानं कलम ५ नुसार तो गंभीर ठरतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ६ खाली त्याला किमान २० वर्षांची शिक्षा आहे. दुसऱ्या वाक्यावरून फार तर कलम ९ आणि १० लागतील, तिथे किमान शिक्षा ५ वर्षं. शिवाय मुलगी न्यायालयात पुन्हा "बोट घातलं" म्हणाली की बचाव पक्षाचा वकील विचारणार, "हे पोलिसांना का नाही सांगितलं?" तिनं सांगितलं होतं. लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही.

पोक्सोच्या कामात नव्यानं आलेले वकील, तपास अधिकारी, सपोर्ट पर्सन (तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबतीला नेमलेली व्यक्ती), समुपदेशक आणि डॉक्टर यांच्यासाठी हा लेख आहे. मूल न्यायालयाबाहेर जे बोलतं ते कुणी, कसं टिपायचं आणि खटल्यात त्याचा नेमका किती उपयोग होतो, एवढंच इथे पाहायचं आहे.

कायद्याची चौकट

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. मुलाचा जबाब नोंदवला, त्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग झालं, आता मुलाला न्यायालयात यावं लागणार नाही, असं आपल्याकडे होत नाही. इंग्लंडमध्ये १९९९ च्या कायद्यामुळे मुलाची रेकॉर्ड केलेली मुलाखतच सरतपासणी (साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षानं घेतलेली पहिली साक्ष) म्हणून दाखवता येते. भारतात एका अपवादाखेरीज (तो पुढे येईल) मुलानं न्यायालयात दिलेली साक्ष हाच मुख्य पुरावा असतो. बाहेरचं बोलणं या साक्षीला बळ देण्यासाठी, नाहीतर ती खोडण्यासाठी येतं.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत, पण कोर्टाच्या आवारात अजूनही "१६४ चा जबाब" हाच शब्द चालतो, म्हणून दोन्ही आकडे डोक्यात ठेवा. पोलिसांनी घेतलेला जबाब पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ खाली असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली. त्याच्या वापरावरचं बंधन पूर्वी १६२, आता १८१. दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब पूर्वी १६४, आता १८३. जुन्या साक्ष्य कायद्यात आधीच्या जबाबानं पुष्टी देण्याचं कलम १५७ होतं, ते नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १६० झालं. आधीच्या जबाबाशी विसंगती दाखवण्याचं १४५ आता १४८ आहे.

मुलाचं बाहेरचं बोलणं खटल्यात कोणत्या वाटेनं येतं ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर काय जपायचं हे यावरून ठरतं.

पहिली वाट साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४ ची, पूर्वीचं कलम ६. बोलणं घटनेचाच भाग असेल, म्हणजे घटना घडत असताना किंवा तिला लागूनच तोंडून निघालेलं असेल, तर ते ऐकणारा साक्षीदार सांगू शकतो. ही वाट अरुंद आहे. गेंटेला विजयवर्धन राव खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मध्ये थोडंसं अंतर पडलं आणि तेवढ्यात गोष्ट रचायला वाव मिळाला, तर हे कलम लागत नाही.

दुसरी वाट कलम १६० ची, आणि रोजच्या कामात हीच सगळ्यात उपयोगी. साक्षीदाराच्या साक्षीला पुष्टी म्हणून त्याचंच आधीचं बोलणं दोन परिस्थितींत सिद्ध करता येतं: ते घटनेच्या सुमारास केलेलं असेल, किंवा तपास करण्याचा कायदेशीर अधिकार असलेल्या अधिकाऱ्यापुढे केलेलं असेल. यावर १९५२ चा रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य हा निवाडा मुळातून वाचाच. आठ वर्षांच्या मुलीनं आईला सांगितलेली हकीकत पुष्टी म्हणून धरता येते का, हा प्रश्न होता. न्यायालयानं घड्याळ लावलं नाही. त्या परिस्थितीत जितक्या लवकर सांगणं अपेक्षित होतं तितक्या लवकर सांगितलं का, आणि कुणी पढवण्याची संधी मिळण्याआधी सांगितलं का, ही कसोटी दिली. आजही युक्तिवाद याच दोन प्रश्नांभोवती फिरतो.

तिसरी वाट विसंगतीची, म्हणजे कलम १४८. तिचा वापर बहुतेक वेळा बचाव पक्ष करतो. मूल हयात नसेल आणि त्याचं बोलणं मृत्यूच्या कारणाबद्दल असेल, तर कलम २६ खाली ते मृत्युपूर्व जबाब म्हणून येतं.

पायरी १ : मूल पहिल्यांदा बोलतं तेव्हा

हे बहुतेक वेळा पोलिसांपुढे होत नाही. आई, आजी, वर्गशिक्षिका, अंगणवाडी सेविका, शेजारची ताई यांच्यापुढे होतं. ऐकणाऱ्यानं तपास करायचा नसतो. शांतपणे ऐकायचं आणि विचारायचं झालंच तर "मग काय झालं?" किंवा "त्याबद्दल अजून सांग" एवढंच. "काकांनी हात लावला ना?" हा प्रश्न विचारला की उत्तर प्रश्नातच जाऊन बसतं आणि पुढे ते कधीच वेगळं काढता येत नाही.

तोच प्रश्न दोनदा विचारू नका. आपलं पहिलं उत्तर चुकलं असं लहान मुलाला वाटतं आणि ते उत्तर बदलतं. सांगितल्याबद्दल खाऊ नको, शाबासकीही नको. "आधी का नाही सांगितलंस?" हा प्रश्न तर मुलावरच दोष टाकतो. मूल आपण होऊन कारण सांगत असेल ("आईला मारीन म्हणाला होता") तर मात्र ते शब्दशः टिपा. उशिरा सांगण्याचा खुलासा पुढे त्याच वाक्यातून मिळतो.

"मी कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका. पोक्सोच्या कलम १९ खाली माहिती असणाऱ्या प्रत्येकाला ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यावीच लागते, आणि न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. वचन दिलं की ते मोडावं लागतं, आणि पुढच्या माणसाशी मूल बोलत नाही.

मूल झोपल्यावर किंवा वर्ग सुटल्यावर लगेच कागदावर लिहा: तारीख, वेळ, जागा, तिथे कोण होतं, आपण काय विचारलं आणि मूल काय म्हणालं. मुलाचे शब्द अवतरणचिन्हांत. "शूची जागा" म्हणालं असेल तर "शूची जागा"च. रडत होतं, अंग चोरत होतं, सांगताना बाहुलीकडे बघत होतं, हेही लिहा. घटनेनंतरचं वर्तन साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६ खाली संबद्ध ठरू शकतं.

मोबाइलवर मुलाला प्रश्न विचारून व्हिडिओ काढायचा मोह होतो. शक्यतो टाळा. अशा व्हिडिओत घाबरलेली आई सुचवणारे प्रश्न विचारताना दिसते आणि उलटतपासणीत तोच व्हिडिओ हत्यार होतो. व्हिडिओ निघालाच असेल तर त्यातला एक सेकंदही कापू नका, व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका आणि फोन तसाच तपास अधिकाऱ्याला द्या. पाठवताना फाइल आकुंचित होते, मूळ राहत नाही. शिवाय मुलाची ओळख फुटते, आणि तो स्वतंत्र गुन्हा आहे.

पायरी २ : पोलिसांपुढचा जबाब

पोक्सोची कलमं २४ आणि २६ एकत्र वाचा. जबाब मुलाच्या घरी, ते जिथे नेहमी राहतं तिथे किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा. शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, दर्जा उपनिरीक्षकापेक्षा कमी नको. अंगावर गणवेश नको. आई-वडील किंवा ज्याच्यावर मुलाचा भरवसा आहे असं कुणी सोबत हवं. जबाब मूल बोलेल तसा लिहायचा आणि शक्य असेल तिथे दृक्‌श्राव्य रेकॉर्डिंग करायचं. कोणत्याही कारणानं मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही.

सोबतचा पालक स्वतःच संशयाच्या छायेत नाही ना, हे आधी पाहा. आरोपी सावत्र बाप असेल आणि आई त्याच्यावर अवलंबून असेल, तर आईच्या उपस्थितीत मूल गप्प बसतं किंवा तिच्या तोंडाकडे बघून बोलतं. कायदा "भरवशाची व्यक्ती" म्हणतो तो अशाच प्रसंगांसाठी. बालकल्याण समितीनं नेमलेली सपोर्ट पर्सन अशा वेळी मोठा आधार असते.

बोलीचा प्रश्न इथे फार नडतो. मेळघाटातलं कोरकू बोलणारं किंवा खानदेशातलं अहिराणी बोलणारं मूल प्रमाण मराठीत बोलल्यासारखा जबाब लिहिला, तर साक्षीच्या दिवशी न्यायाधीशांसमोर बसलेलं मूल आणि कागदावरचं मूल यांचा मेळ बसत नाही. दुभाषी लागला तर घ्या, कायद्यात तरतूद आहे. फक्त तो तपास पथकातला नसावा, आरोपीच्या नात्यातला तर नाहीच. दिव्यांग मुलासाठी विशेष शिक्षक किंवा मुलाची संवादाची पद्धत जाणणारी व्यक्ती लागते.

तारखा मागू नका. सात वर्षांच्या मुलाला "१४ मार्च" सांगता येत नाही, आणि जबाबात ती आली की तारीख कुणी सांगितली हा प्रश्न उभा राहतो. "शाळा होती की सुट्टी?", "उजेड होता की अंधार?", "घरात अजून कोण होतं?" असं विचारा. किती वेळा घडलं यापेक्षा "एकदा की जास्त वेळा?" विचारा, आणि जास्त वेळा म्हटलं तर नीट आठवणारी एक वेळ सांगायला सांगा.

आता कायद्यातली मेख. पोलिसांपुढच्या या जबाबानं मुलाच्या साक्षीला पुष्टी देता येत नाही. कलम १८१ तसं करू देत नाही. तो फक्त विसंगती दाखवायला वापरता येतो: आरोपीला तो अधिकार आहेच, सरकारी पक्षाला न्यायालयाच्या परवानगीनं. म्हणून या जबाबावर मुलाची सही किंवा अंगठा घ्यायचा नाही. एफआयआरचं तसं नाही. तिच्यानं पुष्टी देता येते, पण ज्यानं ती दिली त्याच्याच साक्षीला. फिर्याद आईनं दिली असेल तर ती आईच्या साक्षीला बळ देते, मुलाच्या नाही. हा फरक नव्या वकिलांच्या हातून वारंवार निसटतो.

पायरी ३ : डॉक्टरांपुढची हकीकत

तपासणीच्या कागदावर "हिस्ट्री" नावाचा रकाना असतो. तो भरताना हकीकत कुणी सांगितली हे लिहायलाच हवं. आईनं सांगितलेलं आणि मुलानं सांगितलेलं वेगवेगळं लिहा, मुलाचं शब्दशः. "कथित लैंगिक अत्याचार" एवढ्यावर रकाना संपवला तर मुलाचं लवकरात लवकर झालेलं आणि पोलीस नसलेल्या माणसापुढचं बोलणं कायमचं हातचं जातं. डॉक्टर पोलीस नसल्यामुळे १८१ चं बंधन इथे लागत नाही आणि कलम १६० चा रस्ता मोकळा असतो. पोलिसांचं पत्र नाही म्हणून तपासणी अडवता येत नाही, हे २०२० च्या पोक्सो नियमांत स्पष्ट आहे.

पायरी ४ : दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब

गुन्हा पोलिसांना कळल्यावर हा जबाब शक्य तितक्या लवकर घ्यायचा. कर्नाटक राज्य विरुद्ध शिवण्णा या २०१४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्यास सांगितलं, आणि उशीर झाल्यास त्याची कारणं केस डायरीत लिहायला सांगितलं. जबाब शक्यतो महिला दंडाधिकाऱ्यांनी घ्यायचा. त्या नसतील तर पुरुष दंडाधिकारी महिलेच्या उपस्थितीत घेतील. आरोपीचा वकील तिथे नसतो, पोक्सोच्या कलम २५ नं ते मुद्दाम वगळलं आहे. तपास अधिकाऱ्यानंही खोलीबाहेर थांबावं. "जबाब घेताना पोलीस तिथेच होते" एवढं एक उत्तर बचाव पक्षाला पुरतं.

मुलाला समज आहे का हे आधी तपासावं लागतं. इथे "खरं म्हणजे काय?" असं विचारलं की लहान मूल गोंधळतं. समोर निळी पेन्सिल ठेवून "मी म्हटलं ही लाल आहे, तर मी खरं बोलतोय की खोटं?" असं विचारलं की पाच वर्षांचंही मूल पटकन उत्तर देतं. हे प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवावीत. "साक्षीदारास समज असल्याची खात्री झाली" एवढा शेरा पुरेसा नाही. १९६९ च्या शपथ अधिनियमाच्या कलम ४ नुसार बारा वर्षांखालच्या मुलाला खरं बोलण्याचं कर्तव्य कळतं पण शपथेचा अर्थ कळत नाही असं न्यायालयाला वाटलं, तर शपथ न देता साक्ष घेता येते आणि त्यामुळे ती बाद होत नाही.

या जबाबाचं वजन पोलीस जबाबापेक्षा जास्त आहे. पुष्टीसाठीही चालतो, विसंगतीसाठीही. पण त्याच्या एकट्याच्या जोरावर शिक्षा होत नाही, आर. शाजी विरुद्ध केरळ राज्य (२०१३) मध्ये हे स्पष्ट आहे.

आता मघाशी सांगितलेला अपवाद. मूल मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या दिव्यांग असेल, तर कलम १८३(६) नुसार दंडाधिकाऱ्यांनी दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीनं, दृक्‌श्राव्य रेकॉर्डिंगसह घेतलेला जबाबच सरतपासणी मानला जातो. खटल्यात थेट उलटतपासणी होते. म्हणून दिव्यांगत्वाची कागदपत्रं जबाबाआधीच फाइलला लावा आणि दंडाधिकाऱ्यांच्या लक्षात आणून द्या. नंतर लक्षात आलं तर मुलाला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि हा अपवाद तर नेमका तेच टाळण्यासाठी केलेला आहे.

पायरी ५ : रेकॉर्डिंग टिकवणं

सीडी किंवा पेनड्राइव्ह फाइलला जोडला म्हणजे तो सिद्ध झाला असं नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना अनुसूचीत आहे: भाग अ सादर करणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल जराही बदलली की बदलणारा, तिचा ठसा असलेला आकडा) लिहायचं असतं. अर्जुन पंडितराव खोतकर निवाड्यात (२०२०) जुन्या ६५ब च्या संदर्भात हे प्रमाणपत्र सक्तीचं ठरलं आहे. हॅश त्याच दिवशी काढा. रेकॉर्डिंगची लिखित प्रत करताना प्रश्नही लिहा, नुसती उत्तरं नकोत. मूल किती आपण होऊन बोललं हे प्रश्नांवरूनच कळतं.

पायरी ६ : साक्षीच्या दिवशी

न्यायालयानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी असं पोक्सोचं कलम ३५ म्हणतं. उशीर झाला तर कारणं नोंदवून घ्या.

सरकारी वकिलांनी टाळायची पहिली चूक: १६४ चा जबाब वाचून दाखवायचा आणि "हे खरं आहे का?" म्हणायचं. "हो" हे उत्तर सूचक प्रश्नाचं असतं, त्याला वजन नसतं. मुलाला आपल्या शब्दांत सांगू द्या. साधारणपणे आधी मुलाची साक्ष, मग आईची किंवा शिक्षिकेची. कलम १६० खाली पुष्टी द्यायची तर ज्याला पुष्टी द्यायची ती साक्ष आधी नोंदीवर हवी. आईला "मुलीनं सगळं सांगितलं" इथे थांबू देऊ नका. मुलीचे शब्द, वेळ, तिथे कोण होतं, आपण काय विचारलं, हे सगळं वदवून घ्या. पहिल्या पायरीवरचं टिपण इथे कामाला येतं.

सगळे प्रश्न, सरतपासणीचे आणि उलटतपासणीचेही, न्यायाधीशांमार्फतच विचारले जातात. पोक्सोचं कलम ३३(२). बचाव पक्षाला विसंगती दाखवायची असेल तर जबाबातला नेमका भाग मुलाच्या निदर्शनास आणावा लागतो, त्याला "अ" अशी खूण करावी लागते, मुलाचं उत्तर नोंदवावं लागतं आणि मग तो भाग जबाब लिहिणाऱ्याकडून सिद्ध करावा लागतो. यातली एखादी कडी राहिली तर विसंगती सिद्ध होत नाही. सरकारी वकिलांनी इथे जागं राहावं. आणखी एक, जबाबात नसलेली प्रत्येक गोष्ट विसंगती ठरत नाही. तपशील महत्त्वाचा असेल, त्या संदर्भात तो सांगितला जाणं स्वाभाविक असेल, तरच वगळणं हे विसंगती होतं. शर्टाचा रंग पोलिसांना सांगितला नाही याला सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत काही अर्थ नाही. कुणी केलं, हे वेगळं असेल तर अर्थ आहे.

पढवल्याचा आरोप जवळजवळ प्रत्येक खटल्यात होतो. "आईनं सांगितलं तसं बोललीस ना?" या प्रश्नाला लहान मूल "हो" म्हणतं, कारण सकाळी आई म्हणालेली असते, "घाबरू नको, खरं ते सांग." फेरतपासणीत एकच साधा प्रश्न विचारा: "आईनं काय सांगायला सांगितलं होतं?" पोरकट, वाकडंतिकडं, मुलाच्याच शब्दांतलं पहिलं बोलणं फाइलमध्ये असेल तर त्या आरोपाला यासारखं उत्तर नाही. दत्तू रामराव साखरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९७) नुसार विश्वासार्ह असेल तर केवळ बालसाक्षीदाराच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते.

मूल फिरलं तर

तडजोड होते, घरचे दबाव टाकतात, आरोपी घरातलाच कमावता माणूस असतो. मूल म्हणतं, "काही झालं नाही." सरकारी वकील नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम १५७ खाली (पूर्वीचं १५४) आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची परवानगी घेऊन १६४ चा जबाब समोर ठेवतात, मूल तोही नाकारतं. या टप्प्यावर तो जबाब मुख्य पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, आणि पोक्सोच्या कलम २९ चं गृहीतकही (आरोपीनं गुन्हा केला असं धरून चालण्याचं) मूळ तथ्यं सिद्ध झाल्याशिवाय उभं राहत नाही. मग हातात उरतं ते स्वतंत्र साहित्य: वैद्यकीय निष्कर्ष, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा आणि डीएनए अहवाल, मुलाच्या साक्षीतला न फिरलेला भाग, आणि घटनेला अगदी लागून काही ऐकलेला साक्षीदार असेल तर कलम ४ खाली त्याची साक्ष. म्हणून १६४ चा जबाब झाला की तपास संपला असं मानू नका. कपडे, अंथरूण, फोन, जागेचा पंचनामा, शाळेची हजेरी, मुलाच्या वयाचा पुरावा हे सगळं त्याच आठवड्यात गोळा करा, आणि मूल आरोपीच्याच घरात राहत असेल तर बालकल्याण समितीकडून त्याच्या राहण्याचा निर्णय साक्षीच्या तारखेच्या बराच आधी करून घ्या.